पॅड गेले, पोरगी राहिली

हॉकीच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. तिचे पायाचे पॅड, छातीचं कवच, हातमोजे, हेल्मेट, सगळं विभागाच्या सामन्यांना नेलं आणि तिला इथेच ठेवलं. एवढं आधी लिहून टाकतो. पुढे मी माझीही एक चूक सांगणार आहे, ती वाचून कोणी असं समजू नये की मी या वाक्यावरून फिरलो.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरचा. चिखलीच्या बाहेर रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. सुरुवात त्याच जागेवर पंक्चर काढण्यापासून केली, तेव्हा वर पत्राही नव्हता. पहिला ट्रॅक्टर घेतला तो इंजिन जाम झालेला, मालक भंगारात घालायला निघाला होता. मी स्वतः उघडला, दोन महिने खपून स्वतः बसवला आणि संग्रामपूरकडच्या एका माणसाला विकला. तो ट्रॅक्टर अजून चालतो. तेव्हापासून मी एकही सौदा कागदावर केला नाही. समोरच्याच्या हातावर हात मारला की सौदा झाला. कागद नंतर, सरकारसाठी. हात मारल्यावर मी कधी फिरलो नाही आणि जो फिरला त्याला पुन्हा शेडच्या आत पाय ठेवू दिला नाही. चिखलीत हे कोणालाही विचारा.

या धंद्याची एक बोलण्याची रीत आहे. घ्यायचा माल कधी चांगला म्हणायचा नाही. ट्रॅक्टर मनात भरला की तोंड वाकडं करून त्याच्याभोवती फिरायचं. टायरला लाथ मारायची, "हे तं गेले" म्हणायचं. इंजिनला कान लावायचा आणि नसलेला आवाज ऐकू आल्यासारखं करायचं. विकणाराही हे जाणून असतो. तो रागावत नाही, कारण उद्या तो घेणारा असेल तेव्हा हेच बोलणार आहे. दोघंही खोटं बोलतात आणि मधल्या खऱ्या भावावर येऊन थांबतात. तीस वर्षं मी असंच बोलत आलो. माझ्या जिभेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं.

मुलगी सातवीत असताना हॉकीला जायला लागली. सर आमच्याच जिल्ह्यातले जुने खेळाडू. शाळेच्या मैदानावर सकाळी मुलींना शिकवायचे. जिल्ह्याचा मुलींचा संघही तेच निवडायचे. फी घेणारा माणूस आणि निवड करणारा माणूस एकच, हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. बाजारात मी असा दलाल उभा करत नाही. पण शाळेचं मैदान, गळ्यात शिट्टी, पोरी "सर, सर" करत मागे. माझी नजर तिथे व्यापाऱ्याची राहिली नाही.

पहिल्या वर्षी मैदानावर तीसेक मुली होत्या. दोघींत एक स्टिक. एकीने मारायचं, दुसरीने बाजूला उभं राहून पाहायचं, मग पाळी बदलायची. पुढच्या वर्षी सरांनी सांगितलं, प्रत्येकीची स्वतःची स्टिक पाहिजे. मग लाकडी चालत नाही म्हणाले. मग नडगीचे गार्ड, दातांचं गार्ड, ठरावीक बूट, संघाचा ड्रेस, सुट्टीतलं शिबिर. दर वेळी दोन-चार मुली कमी व्हायच्या. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलं नाही. एक दिवस मुलगी यायची नाही, एवढंच. सगळ्यात वेगाने पळणारी एक होती, ती स्टिकच्या वेळीच गेली. तिसऱ्या वर्षी अकरा उरल्या, म्हणजे बरोबर एका संघापुरत्या. सर म्हणायचे, "ज्यांना खरंच खेळायचं होतं त्या राहिल्या." मी तेव्हा मान हलवली. माझी मुलगी राहिली होती ना.

ती गोलकीपर झाली, कारण कोणालाच व्हायचं नव्हतं. गोलात उभं राहायचं तर अंगभर कवच लागतं आणि ते सगळ्यात महाग. आमच्याकडे ते नव्हतं. मग मी शेडमध्ये केलं. ट्रॅक्टरच्या जुन्या सीटमधला फोम काढला, पायाच्या मापाने कापला, वर रेक्झिन शिवलं आणि ट्यूबच्या रबराचे पट्टे लावले. दिसायला ते काहीच्या काही होतं. पण दोन वर्षं ती त्यावर उभी राहिली. रोज मांडीवर नवा निळा डाग. आई तेल लावायला गेली तर म्हणायची, "हात नको लावू, दुखते," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी सायकल बाहेर.

यंदाचं वर्ष तिच्यासाठी वेगळं होतं. विभागाच्या सामन्यांना सरकारी क्रीडा वसतिगृहाचे लोक खेळाडू हेरायला येतात. तिथे राहणं, जेवण, शाळा, शिकवणं, सामान, सगळं सरकारचं. एकदा मुलगी तिथे लागली की आईबापाचा खिसा सुटला आणि मुलगी मार्गाला लागली. वयाची अट होती. यंदा ती त्यात बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. म्हणून विभागाला जाणं म्हणजे सगळं काही होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेला पेनाने गोल केला होता, कागद फाटेपर्यंत.

सामन्यांच्या दोन महिने आधी सर शेडवर आले. मुलगी तिथेच होती, एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गणितं करत. मी चहा सांगितला.

सर म्हणाले, "शेठ, या सीटच्या फोमवर विभागाला कोणी उभं राहू देत नाही. कीपरचं पूर्ण किट पाहिजे. आणि वीस दिवसांचं शिबिर आहे, ते करावंच लागेल."

"केवढ्याचं पडते सगळं?"

त्यांनी सांगितलं. तेवढ्या पैशांत मी जमीन भुसभुशीत करणारा एक जुना रोटाव्हेटर घेतला असता. आणि माझी जीभ सुरू झाली.

"सर, पोट्टी काई एवढी भारी नाई हो."

"असं काय म्हणता, शेठ!"

"मी रोज पाह्यतो ना. डाव्या बाजूले बॉल आला का झोपते. उंची नाई. पळते तं रोडरोलरवानी. अशा पोट्टीवर एवढा पैसा कोनं टाकावा? तुमीच सांगा."

सर हसले. "शेठ, पोरीचं बोलून राह्यले का ट्रॅक्टरचं?"

"जे हाये ते सांगून राह्यलो. तुमाले दुसरी भेटन तं घ्या."

मला माहीत होतं, दुसरी नाही. सरांनाही माहीत होतं. किटशिवाय संघ जाणार नव्हता आणि किट घेऊ शकणारा बाप मी एकटाच होतो. थोडा वेळ ओढाताण झाली. शेवटी सर म्हणाले, "बरं. शिबिराची फी सोडली. किट तुम्ही आणा. पण ते संघाचं राहील, पुढच्या पोरींना कामात येईल."

"राहू द्या संघाचं. पण घालन कोन?"

"तुमची पोरगीच घालणार. दुसरं आहे कोण?"

मी हात पुढे केला. त्यांनी हातावर हात मारला. मला वाटलं, स्वस्तात झालं. वळून पाहिलं तर मडगार्डवर वही होती, मुलगी नव्हती. चहा तसाच ठेवून ती सायकलवर निघून गेली होती. घरी गेली असेल, असं मी धरून चाललो.

किट मी नागपूरला जाऊन आणलं, खेळ सोडलेल्या एका कीपरकडून. तिथेही तेच केलं, पट्टा सैल आहे, हेल्मेटची जाळी वाकली आहे, असं म्हणत भाव पाडला. ते पहिल्यांदा अंगावर चढवून मुलगी शेडमध्ये आली तेव्हा माझा मिस्त्री काम सोडून पाहत राहिला. "काय बे पोट्टे, जेसीबी आला जसा काई!" ती हेल्मेटच्या आतून हसली. मग मला म्हणाली, "पप्पा, बॉल मारा."

मी तिची जुनी स्टिक घेतली आणि शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत मारायला लागलो.

"डावीकडून मारा."

मारला. तिने अडवला.

"अजून. डावीकडूनच."

वीस दिवस रोज संध्याकाळी हेच. सकाळी शिबिर, संध्याकाळी मी. उजवीकडे मारला की चिडायची, "तिकडून नाई, इकडून सांगतलं ना!" मला कौतुक वाटायचं. पोरीला स्वतःचं कळतं, असं बायकोजवळ बोललोही.

शिबिराचे शेवटचे आठ दिवस राहिले आणि दुसरी कीपर आली. जळगाव जामोदकडची मुलगी. घरच्यांनी तिला खास हॉकीसाठी बुलढाण्यात नातेवाइकांकडे ठेवलं होतं, उन्हाळ्यात पुण्याला शिबिराला पाठवलं होतं. तिकडे तिकडचं किट वापरायची, स्वतःचं नव्हतं. सरांनी दोघींना आळीपाळीने माझं किट घालायला लावलं. माझ्या मुलीने अर्धा तास उभं राहायचं, मग उतरवून तिला द्यायचं, घामाने ओलं झालेलं. मला हे कळलं तेव्हा मी चप्पल घालून निघालोच होतो. बायको दारात आडवी झाली.

"अवो, गरम होऊ नका. निवड व्हायची हाये अजून. तुमी भांडान अन् त्याची वसुली पोट्टीवर होईन."

मी थांबलो. त्या थांबण्याचाही मला राग आहे. ज्याच्याशी आपल्याला हिशेबाने बोलता येतं त्याच्यापुढे आपण गप्प बसलो, कारण मूल त्याच्या हातात होतं. मैदानाच्या कडेला उभे राहणारे सगळे आईबाप असेच उभे राहतात. सरांनी एखाद्या मुलीला दरडावलं की तिची आई दुसरीकडे पाहते.

निवडीचा सामना बुलढाण्याला झाला, मुरुमाच्या मैदानावर. दोन्ही कीपरना अर्धा-अर्धा वेळ दिला. मी बाप आहे, माझ्या मताला किंमत देऊ नका. पण गोल मोजायला मत लागत नाही. माझ्या मुलीवर एक झाला, उजव्या कोपऱ्यातून. दुसरीवर तीन झाले. किट उतरवून चढवायला पंधरा मिनिटं खेळ थांबला होता, तेवढ्यात एका आईने मला म्हटलंसुद्धा, "भाऊ, तुमचं तं पक्कं हाये."

पहिल्या अर्ध्यात खेळलेली ती दुसरी मुलगी नातेवाइकांबरोबर निघून गेली होती, तेव्हा सरांनी कागदावरून नावं वाचली. कीपर एकच होती. ती जळगाव जामोदची.

मी मैदानात गेलो. सगळे होते. आईबाप, मुली, शिपाई.

"सर, हे काय करून राह्यले तुमी?"

"शेठ, निवड झाली आहे."

"एक गोल अन् तीन गोल. लहान पोट्ट्याले इचारा, कोनतं कमी हाये ते."

"गोलावर नसतं सगळं. तंत्र पाहावं लागतं. तिची डावी बाजू कच्ची आहे."

"कोनं सांगतलं?"

"तुम्हीच." ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्याच शेडमध्ये. डावीकडे बॉल आला की झोपते, उंची नाही, रोडरोलरसारखी पळते. म्हणाले होते की नाही?"

कोणीतरी हसलं.

"तो सौदा होता, सर. सौद्यात मानूस असंच बोलते. तुमाले समजत नवतं का?"

"मला काय माहीत? बापापेक्षा पोरीला जास्त कोण ओळखणार?"

मी हात उचलला होता. खोटं कशाला लिहू? बायकोने मागून शर्ट धरला म्हणून तो खाली आला. मुलगी दहा पावलांवर उभी होती, हेल्मेट हातात. तिने हे दुसऱ्यांदा ऐकलं.

तीन दिवसांनी संघ निघणार होता. आदल्या दिवशी सरांचा फोन, "किट घेऊन या, संघाचं आहे." मी किट पिकअपमध्ये टाकलं ते न देण्यासाठी. सगळ्यांसमोर दाखवायचं आणि परत आणायचं, असं ठरवून गेलो. मुलगी म्हणाली मी येते. तिला नको म्हणता आलं नाही.

बुलढाण्याच्या मैदानाबाहेर दोन जीप उभ्या होत्या. मुली सामान चढवत होत्या. मी किटची बॅग खाली घेतली आणि पट्टा हातात धरून ठेवला.

"पोट्टी जाईन तं किट जाईन. नाई तं नाई."

सर शांतपणे जवळ आले. "शेठ, हातावर हात मारला होता. किट संघाचं राहू द्या, तुम्हीच म्हणाले होते."

"अन् घालन कोन, तेबी ठरलं होतं."

"तेव्हा दुसरी नव्हती. आता आहे. पण किट संघाचं, हे तर ठरलं होतं ना? फिरता का आता? चिखलीचे लोक म्हणतात, शेठ कधी फिरत नाही."

तीस वर्षांत मला कोणी माझ्याच शब्दात असं धरलं नव्हतं. अर्धा सौदा त्यांनी मोडला होता आणि उरलेला अर्धा माझ्या गळ्यात घातला होता. जीपमधले सगळे पाहत होते. मी पट्टा सोडला नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सर म्हणाले, "ठीक आहे, मग साध्या पॅडवर उभी करतो तिला. क्रिकेटचे आहेत इथल्या शाळेत."

ती दुसरी मुलगी जीपच्या मागे उभी होती, नुसते मोजे घालून. ती आत्ताच येऊन पोहोचली होती. बारीक पोरगी. तिलाही वयाची तीच अट असेल, तिच्या घरीही कॅलेंडर असेल. तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा मला फक्त ती आमच्या जागेवर उभी दिसत होती.

माझ्या मुलीने माझ्या बोटांवर हात ठेवला. "द्या, पप्पा."

"तू गप राह्य."

"द्या म्हनते ना. हे लोकं खरंच तिले क्रिकेटच्या पॅडवर उभं करतीन. तुमाले मालूम नाई कसं लागते ते."

मी सोडला. तिने बॅग उघडली, डाव्या पायाचा पॅड काढला आणि त्या मुलीला दाखवलं, "हा बक्कल सुटते. वरून नाडी बांधजो."

ती मुलगी म्हणाली, "तू दुसऱ्या गाडीत हायेस का?"

"नाई. मी नाई येऊन राह्यली."

त्या पोरीला कोणी सांगितलंही नव्हतं. तिला वाटत होतं, दोघी जातोय.

परत येताना पिकअपमध्ये ती खिडकीशी बसली होती. चिखली जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "पप्पा, मी खरंच झोपते का डावीकडं?"

"नाई, माय. कधीच नाई."

"मंग काऊन म्हटलं?"

मी तिला धंद्याची रीत सांगितली. माल आवडला की नावं ठेवायची, भाव पाडायचा, समोरचाही ते जाणतो. बोलता बोलता मला ते सगळं फार हलकं वाटायला लागलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग मले तरी सांगाचं, का ते खोटं हाये म्हून. मले वाटलं तुमी रोज पाह्यता, तं खरंच असन. मी वीस दिवस डावीकडंच उडी मारली. त्या दिवशी बी डावीकडंच भार देऊन उभी होती. म्हून उजवीकडून गेला तो."

मी गाडी बाजूला घेतली. तिने काच खाली केली आणि बाहेर सोयाबीनकडे पाहत बसली. मी म्हटलं, माझी चूक झाली. तीस वर्षांत हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं, भाव पडल्यावरही नाही. ती म्हणाली, "चला आता, आई वाट पाहून राह्यली असन." संध्याकाळी मी बायकोसमोर पुन्हा म्हटलं, तिच्या देखत, की डावी बाजू कच्ची हे मी पैसे वाचवायला खोटं बोललो. म्हणजे उद्या घरात कोणी चुकूनही ते खरं धरू नये.

संघ पहिल्याच सामन्यात हरून आला. वसतिगृहात आमच्या जिल्ह्याची एकही मुलगी लागली नाही. किट सरांच्या खोलीत आहे. माझी मुलगी त्यानंतर मैदानावर गेली नाही. पहाटे तिला जाग येते, मला आवाज येतो, पण सायकल बाहेर निघत नाही. गेल्या आठवड्यात सरांचा निरोप आला, मोठ्या गटासाठी नवीन शिबिर आहे, शेठला म्हणावं पोरीला पाठवा, फीचं पाहून घेऊ.

फीचं पाहून घेऊ! म्हणजे मी परत शेडमध्ये बसून तिला नावं ठेवायची?

मी माझ्या वाक्याचं उत्तर दिलं, जिला द्यायचं तिला दिलं. आता सर, तुमचं. तीन वर्षं रोज सकाळी ती तुमच्या डोळ्यांसमोर उभी होती. तिची डावी बाजू कशी आहे हे तुम्हाला स्वतःला दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि माझं वाक्य तुम्हाला सोयीचं पडलं? दुसरी मुलगी येणार हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, हातावर हात मारण्याच्या आधी की नंतर? ज्याने फी घ्यायची त्यानेच नावं का वाचायची? आणि ज्या एकोणीस मुली एकेक करून घरी बसल्या, त्यांच्या घरी तुम्ही एकदा तरी गेलात का?

रविवारी सकाळी मैदानावर सगळे आईबाप असतात. मी मुलीला घेऊन येतो. मी बोलणार नाही, हात उचलणार नाही, शब्द देतो. तुम्ही सगळ्यांसमोर, जसं त्या दिवशी मोठ्याने बोललात तसंच मोठ्याने, तिला सांगा की तिला इथेच का ठेवलं.